कळलावी, सदाफुली आणि पेशीतील सूत



पावसाळा सुरू झाला की विंध्य-सातपुड्याच्या उतारांवर, झुडपांच्या आणि कुंपणांच्या आधाराने चढणारी एक वेल फुलू लागते. तिच्या पाकळ्या आरंभी हिरवट-पिवळ्या असतात, पुढे केशरी होतात आणि शेवटी ज्वाळेसारख्या लाल दिसतात. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात. कंद नांगराच्या आकाराचा, म्हणून लांगली हेही तिचे एक नाव. मराठीने मात्र तिच्या रूपाकडे न पाहता तिच्या गुणाकडे पाहिले आणि तिला कळलावी म्हटले. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून तिच्या कंदाचा लेप लावण्याची जुनी चाल होती. तो कंद पोटात गेला तर मात्र जीवघेणा ठरतो, हेही गावोगावच्या जाणत्यांना ठाऊक होते.

या कंदात आणि बियांत कोल्चिसीन नावाचे एक विषारी द्रव्य असते. काश्मीरकडील सुरंजान आणि युरोपातील तिचे भावंड कोल्चिकम यांतही ते आढळते. पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते १८२० मध्ये प्रथम वेगळे केले. वातरक्तावरील, म्हणजे ज्याला डॉक्टर गाऊट म्हणतात त्या व्याधीवरील औषध म्हणून ते आजही अत्यल्प मात्रेत दिले जाते. कळलावीच्या विषबाधेतून जे वाचतात, त्यांच्यापैकी काहींच्या डोक्याचे केस पुढे एक-दोन आठवड्यांत झडतात. पोटात गेलेल्या कंदाचा आणि डोक्यावरच्या केसांचा संबंध काय? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेले, की शरीरातील प्रत्येक पेशीत चाललेल्या एका अखंड बांधकामापाशी आणि मोडतोडीपाशी येऊन पोहोचावे लागते. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

पेशी म्हणजे पातळ आवरणात भरलेला द्रव, अशी समजूत शाळेतल्या चित्रांमुळे होते. वस्तुतः पेशीला आतून आधार असतो. या आधाराचा एक महत्त्वाचा घटक म्हणजे सूक्ष्मनलिका. या नळ्या आतून पोकळ असतात आणि त्यांची जाडी सुमारे २५ नॅनोमीटर असते. म्हणजे अशा चाळीस हजार नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या तर त्या एक मिलिमीटर जागा व्यापतील. १९६३ मध्ये लेडबेटर आणि पोर्टर यांनी वनस्पतींच्या पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या स्पष्टपणे पाहिल्या आणि त्यांना सूक्ष्मनलिका हे नाव रूढ झाले.

या नळीची वीट म्हणजे ट्यूब्युलिन नावाचे प्रथिन. अल्फा आणि बीटा अशा दोन भावंडांची जोडी मिळून एक वीट होते. विटा एकापुढे एक लागून एक धागा तयार होतो आणि असे बहुधा तेरा धागे एकमेकांना चिकटून नळी होते. विटा सर्व एकाच दिशेने तोंड करून बसलेल्या असतात, त्यामुळे नळीची दोन टोके सारखी नसतात. एका टोकाला वाढ झपाट्याने होते. त्याला धन टोक म्हणतात. दुसरे ऋण टोक, ते बहुधा केंद्रकाजवळच्या एका ठाण्यात रुतलेले असते.

ट्यूब्युलिनचा शोध कसा लागला, ते ऐकण्यासारखे आहे. कोल्चिसीन पेशीविभाजन थांबवते हे माहीत होते, पण ते पेशीत नेमके कोणाला धरते हे माहीत नव्हते. शिकागो विद्यापीठात गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी किरणोत्सर्गी खूण केलेले कोल्चिसीन वापरले आणि ते ज्या प्रथिनाला जाऊन चिकटले, ते प्रथिन वेगळे केले. हे १९६७ चे संशोधन. पुढील वर्षी जपानी शास्त्रज्ञ हिदेओ मोहरी यांनी त्या प्रथिनाला ट्यूब्युलिन हे नाव दिले. कळलावीतल्या विषानेच आपल्या भक्ष्याचा पत्ता सांगितला, असे म्हणता येईल.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. घराचा वासा एकदा बसवला की बसवला; सूक्ष्मनलिकेचे तसे नाही. ती वाढत असते, मध्येच अकस्मात कोसळू लागते, कधी अर्ध्यावर सावरून पुन्हा वाढू लागते. शेजारच्या दोन नळ्यांपैकी एक वाढत असते त्याच क्षणी दुसरी ढासळत असते. टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी १९८४ मध्ये ही घटना प्रयोगाने दाखवली आणि तिला गतिशील अस्थिरता अशा अर्थाचे नाव दिले.

याचे कारण विटेतच आहे. प्रत्येक विटेबरोबर जीटीपी नावाचा ऊर्जावाहक रेणू येतो. वीट नळीत बसली की थोड्याच वेळात त्या रेणूचे विघटन होते, आणि मग त्या विटेचा कल सरळ राहण्यापेक्षा बाहेर वाकण्याकडे होतो. टोकाशी ताज्या विटांची टोपी असेपर्यंत आतील जुन्या विटा दाबून धरल्या जातात. नव्या विटा येण्याचा वेग मंदावला की टोपी झिजते, आणि मग नळी केळीच्या सालीसारखी उलगडत कोसळते. मोकळ्या झालेल्या विटा नवा जीटीपी घेऊन पुन्हा कुठल्या तरी नळीत लागतात. साधारण पेशीत एखाद्या नळीचे आयुष्य काही मिनिटांचे असते, आणि पेशी दुभंगत असताना तर ते मिनिटाच्याही आत येते.

एवढी ऊर्जा खर्चून सतत मोडायचे आणि बांधायचे, हा अपव्यय नव्हे काय? त्याचे उत्तर पेशीविभाजनाच्या वेळी मिळते. पेशी दोन होण्यापूर्वी तिची गुणसूत्रे दुप्पट होतात आणि सूक्ष्मनलिकांचा एक दोन्हीकडे निमुळता पुंजका तयार होतो. त्याला शास्त्रीय परिभाषेत तर्कू म्हणतात. तर्कू म्हणजे सूत कातण्याची चाती. ज्या इंदुरात गिरण्यांच्या भोंग्यांवर घड्याळे लावली जात, त्या गावाला चाती समजावून सांगण्याची गरज नाही. पेशीतली चाती सूत कातीत नाही, सुताने गुणसूत्रे ओढते. पण त्याआधी प्रत्येक गुणसूत्र सापडले पाहिजे. दोन्ही ध्रुवांवरून नळ्या सर्व दिशांना वाढतात, काही न सापडल्यास कोसळतात, पुन्हा दुसरीकडे वाढतात. अंधाऱ्या खोलीत हात फिरवून वस्तू शोधावी तसा हा प्रकार आहे. हाती गुणसूत्र लागले की ती नळी टिकते. सर्व गुणसूत्रे दोन्ही बाजूंनी धरली जाईपर्यंत पेशी पुढचे पाऊल टाकीत नाही. एखादे जरी चुकीच्या बाजूला गेले, तर कन्यापेशींचा वारसाच बिघडतो.

कोल्चिसीन या चातीला बनूच देत नाही. गुणसूत्रे दुप्पट होतात, पण ओढणारे कोणी नसल्याने ती एकाच पेशीत राहून जातात. प्राण्यांच्या पेशी अशा अवस्थेत बहुधा मरतात. वनस्पती मात्र पुष्कळदा दुप्पट वारसा घेऊन जगतात. ब्लेक्स्ली आणि ॲव्हरी यांनी १९३७ मध्ये ही युक्ती प्रसिद्ध केली आणि तिचा उपयोग कापसाच्या अभ्यासात लगेच झाला. देशी कापसाची गुणसूत्रे २६ आणि अमेरिकन कापसाची ५२, हे कोडे त्या काळी संशोधकांसमोर होते. बीझली यांनी १९४० मध्ये देशी जातीचा एका रानटी अमेरिकन जातीशी संकर केला आणि कोल्चिसीनने त्याची गुणसूत्रे दुप्पट करून घेतली. अमेरिकन कापूस अशाच दोन वंशांच्या मीलनातून झाला असावा, या मताला त्यामुळे बळकटी आली. कापसाच्या याच वंशावळीचा आयुष्यभर अभ्यास करणारे जोसेफ हचिन्सन १९३३ ते १९३७ या काळात इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीमध्ये काम करीत होते. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ मध्ये उभी केलेली ही संस्था इंदूरकरांना कंपोस्ट खताच्या इंदूर पद्धतीमुळे ठाऊक आहे. कापसाच्या आनुवंशिकीतही तिचा वाटा आहे, हे क्वचितच सांगितले जाते.

येथवर आपण वीट, नळी आणि चाती पाहिली. परंतु विटांच्या स्वभावावरच सारे सोपवले असते तर पेशीत केवळ गोंधळ माजला असता. नळी कोठून सुरू व्हावी, किती वेगाने वाढावी, कोठे थांबावी आणि केव्हा मोडावी, हे ठरवणारी इतर प्रथिने आहेत. त्यांची संख्या मोठी आहे; त्यांतील काही मुख्य कारागिरांची ओळख करून घेऊ.

पायाभरणी करणारे प्रथिन म्हणजे गॅमा ट्यूब्युलिन. १९८९ मध्ये एका बुरशीच्या अभ्यासातून ते हाती आले. अन्य प्रथिनांसह ते एक कडे तयार करते आणि त्या कड्यावर नळी उभी राहते. एक्समॅप-२१५ आणि त्याची भावंडे वाढत्या टोकाशी बसून विटा भराभर लावून घेतात. ईबी-१ हे प्रथिन १९९५ मध्ये, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी संबंधित एका प्रथिनाचा जोडीदार म्हणून सापडले. त्याला ताज्या विटांची टोपी ओळखता येते. ते फक्त वाढत्या टोकाशीच जमते आणि टोक पुढे सरकले की तेही पुढे गेल्यासारखे दिसते. इतर अनेक प्रथिने त्याच्याच आधाराने टोकापाशी येतात. क्लॅस्प नावाची प्रथिने कोसळत्या नळीला सावरून धरतात.

याउलट काम करणारेही आहेत. स्टॅथमिन मोकळ्या विटा पकडून ठेवते, त्यामुळे बांधकामाला माल मिळत नाही. एमकॅक टोकाशी जाऊन विटा वाकवून सोडवते. कॅटॅनिन मधोमधच नळी कापते. कटाना या जपानी तलवारीवरून त्याचे हे नाव पडले. स्पॅस्टिन हेही असेच कापणारे. त्याच्या जनुकात दोष असला तर पाय हळूहळू ताठर होत जाण्याचा एक आनुवंशिक विकार होतो. म्हणजे मोडण्याचे काम नीट झाले नाही तरी माणूस अधू होतो. कापणे हा येथे विध्वंस नाही. कापलेल्या तुकड्यांपासून नव्या नळ्याही उभ्या राहतात.

या साऱ्यांना आज्ञा कोण देतो? पेशीत अशी विकरे असतात, जी प्रथिनांवर फॉस्फेटचा लहानसा गट चढवतात, आणि दुसरी तो उतरवतात. फॉस्फेट चढला की स्टॅथमिन विटा सोडून देते. टाऊ नावाचे प्रथिन नळीवरची पकड सैल करते. विभाजनाची वेळ आली की अशा अनेक खुणा एकदम बदलतात आणि काही मिनिटांत पेशीतला जुना आधार उतरून नवी चाती उभी राहते. एकही कारागीर सर्वस्वी चांगला किंवा वाईट नाही. वेळ आणि जागा यांवर त्याचे मोल ठरते.

सदाफुलीचे रोप आपल्याकडे अंगणात किंवा गॅलरीतल्या कुंडीत असतेच. ती मूळची मादागास्करची. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत, म्हणून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी तिची तपासणी केली. साखर उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टीन हाती आले आणि १९६३ मध्ये तिच्यातीलच व्हिन्क्रिस्टीन हे औषध अमेरिकेत मान्य झाले. हीही द्रव्ये ट्यूब्युलिनला धरतात आणि नळ्या बांधू देत नाहीत. मुलांच्या रक्ताच्या तीव्र कर्करोगात एकेकाळी आशा उरत नसे. आज अनेक औषधांच्या संयुक्त उपचाराने चांगल्या रुग्णालयांतून बहुसंख्य मुले बरी होतात. त्या औषधांत व्हिन्क्रिस्टीनचे स्थान अजून टिकून आहे.

दुसरी कथा तर आपल्या शेजारच्या खानदेशात सुरू होते. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. आणि अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन ते नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल संस्थेत मन्रो वॉल यांचे सहकारी झाले. पॅसिफिक किनाऱ्याकडील यू वृक्षाच्या सालीतून या दोघांनी एक द्रव्य वेगळे केले आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. त्याचे नाव टॅक्सॉल. ते पेशी मारते हे दिसत होते. कसे, ते कळत नव्हते. सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये त्याचा उलगडा केला, आणि तो अनपेक्षित होता. टॅक्सॉल नळ्या मोडत नाही, उलट त्यांना इतके घट्ट करते की त्या मोडताच येत नाहीत. १९९२ मध्ये अंडाशयाच्या आणि १९९४ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत ते मान्य झाले. नंदुरबारच्या या शास्त्रज्ञाचे २०२० मध्ये निधन झाले. त्यांच्या शोधाने ज्यांचे आयुष्य वाढले, त्यांपैकी फारच थोड्यांना त्यांचे नाव माहीत असेल.

बांधू न देणारे औषध आणि मोडू न देणारे औषध, दोघांचा परिणाम एकच कसा? मेरी ॲन जॉर्डन आणि लेस्ली विल्सन यांनी कॅलिफोर्नियात दाखवून दिले की अल्प मात्रेत ही दोन्ही प्रकारची औषधे नळ्यांची एकूण संख्या फारशी बदलत नाहीत. ती त्यांची हालचाल मंदावतात. चातीला गुणसूत्रे चाचपता येत नाहीत, पेशी वाट पाहत थांबते आणि शेवटी बहुधा मरते. नळ्या असणे पुरेसे नाही. त्यांचे वाढणे-मोडणे चालू असावे लागते. विल्सन यांच्याबरोबर काम केलेले दुलाल पांडा यांनी पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत हेच संशोधन चालवले. हळदीतील कुर्कुमीनही ट्यूब्युलिनला चिकटते, असे त्यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले. ते निरीक्षण काचपात्रातले आहे. त्यावरून हळदीच्या दुधाने कर्करोग बरा होतो असा निष्कर्ष काढणे म्हणजे संशोधनावर आणि रुग्णावर दोघांवर अन्याय करणे होय.

आता केसांचा प्रश्न सुटतो. केसांच्या मुळांतील, आतड्याच्या अस्तरातील आणि अस्थिमज्जेतील पेशी सतत दुभंगत असतात. चातीवर घाला घालणारे द्रव्य, मग ते कळलावीतले असो की सलाईनमधून दिलेले असो, गाठीतील पेशी आणि केसाच्या मुळातील पेशी असा भेद जाणत नाही. उपचार संपला की मुळे पुन्हा कामाला लागतात आणि केस बहुधा परत येतात.

परंतु या औषधांनी रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात, बोटे बधिर होतात, त्याचे काय? चेतापेशी तर दुभंगत नाहीत. तेथे सूक्ष्मनलिकांचे दुसरे काम आहे. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एकाच पेशीचा तंतू जवळजवळ एक मीटर जातो. पेशीचा कारखाना वर, आणि माल पोहोचवायचा तळाशी. त्या तंतूत सूक्ष्मनलिका रुळांसारख्या पसरलेल्या असतात आणि त्यांवरून कायनेसीन व डायनीन नावाची प्रथिने ओझी वाहतात. कायनेसीनचा शोध १९८५ चा. जलद वाहतूक दिवसाला सुमारे ४० सेंटिमीटर होते. अंगठ्यापर्यंत पोहोचायला दोन-तीन दिवस लागतात. रुळांच्या घडणीत औषधाने ढवळाढवळ केली की सर्वांत लांबच्या टोकाला, म्हणजे पावलांना आणि बोटांना, त्याची झळ आधी लागते. म्हणून असा उपचार चालू असताना घरच्या माणसाने बोटे बधिर झाल्याचे सांगितले तर ते डॉक्टरांच्या कानावर घालणे आवश्यक असते.

याच तंतूंत टाऊ हे प्रथिन मुबलक असते. १९७५ मध्ये कर्शनर यांच्या प्रयोगशाळेत ते सापडले. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये विस्मृतीच्या एका रुग्णाच्या मेंदूत पाहिलेल्या गुंतवळी मुख्यत्वे टाऊच्याच असतात, हे १९८० नंतरच्या दशकात कळले. त्या टाऊवर फॉस्फेटचे गट प्रमाणाबाहेर चढलेले असतात. १९९८ मध्ये टाऊच्या जनुकातील दोषानेच काही घराण्यांत स्मृतिभ्रंश होतो हेही सिद्ध झाले. टाऊ रुळांना घट्ट धरून ठेवते, असे बराच काळ पाठ्यपुस्तकांतून शिकवले गेले. पीटर बास यांच्या गटाने २०१८ मध्ये मांडलेले मत याहून वेगळे आहे: टाऊ नळीचा जो भाग सतत बदलता राहायला हवा, तो तसा राहू देते. हा वाद अद्याप संपलेला नाही. तो मिटला तर स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला घट्ट करणारे औषध द्यावे की लवचीक ठेवणारे, हेही ठरवणे सोपे जाईल. ज्या घरांत आई किंवा वडील आपल्याच मुलांची नावे विसरू लागले आहेत, त्यांच्या दृष्टीने हा केवळ पंडितांचा वाद नाही.

आपल्या बोलीत स्थिर हा शब्द बहुधा न हलणाऱ्या वस्तूला लावला जातो. पेशीने त्या शब्दाला अधिक खोल अर्थ दिला आहे. तिचा आधार टिकतो, कारण तो नित्य उतरवला आणि उभारला जातो, आणि ते काम करणाऱ्यांत जोडणाऱ्याइतकाच कापणाराही लागतो. दोहोंपैकी एकाचीच सरशी झाली की रोग उद्भवतो. औषधही याच तोलावर हात ठेवून काम करते. म्हणूनच मात्रा, वेळ आणि तज्ज्ञाची देखरेख यांवाचून ही द्रव्ये विषच होत. अंगणातल्या सदाफुलीचा काढा किंवा रानातल्या कळलावीचा कंद कोणी घरगुती उपाय म्हणून सुचवला, तर तो निश्चयाने नाकारावा.

हे सर्व ज्ञान आज बहुतांशी इंग्रजीतच उपलब्ध आहे. रुग्णालयात औषधाचे नाव ऐकून घाबरलेला माणूस संध्याकाळी वाचनालयात येतो आणि त्याविषयी मराठीत काही मिळते का, असे विचारतो, तेव्हा त्याच्या हाती देण्यासारखे एक तरी पुस्तक कपाटात असावे. शंभर वर्षे कथा-कादंबऱ्या आणि चरित्रे जपणाऱ्या ग्रंथालयाने पुढील काळात एवढे काम अंगावर घेतले, तर इंदूरचा मराठी वाचक त्याचा ऋणी राहील.